एम३३ मधले तरुण तारकागुच्छ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिकोण तारकासमूहातली एम३३ ही आपल्या शेजारची सर्पिल दीर्घिका. तिच्यातल्या तारकागुच्छांच्या प्रतिमा न्याहाळण्यात माझी काही वर्षं गेली. आकाशदर्शनाला येणारी मंडळी, कॉलेजातली मुलं आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे लांबली, तिथे मीही बराच अडलो होतो.

तारकागुच्छ म्हणजे काय? आणि ‘तरुण’ कोणाला म्हणायचं?

कृत्तिका पाहिल्या असतील, तर तुम्ही तारकागुच्छ पाहिला आहे. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, प्रत्यक्षात हजाराहून जास्त आहेत. वायूच्या एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेली ही भावंडं अजून एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहेत. आमच्या कामाला नेमकी हीच गोष्ट लागते: वय एक, घडणीचा माल एक, अंतर एक. फरक फक्त वस्तुमानाचा.

वयाबद्दल मात्र आमची भाषा जरा विचित्र आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून झाला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कृत्तिका त्याहून जुन्या आहेत, दहा-बारा कोटी वर्षांच्या. तरी खगोलशास्त्रात त्या तरुणच. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं आणि गोलाकार तारकागुच्छांचं हजार कोटींच्याही पुढे असताना दहा कोटी म्हणजे काहीच नाही. एम३३ मध्ये आम्ही शोधतो ते बहुतेक गुच्छ काही लाख ते काही कोटी वर्षांचे. एक कोटीच्या आतल्यांना आम्ही आपसात ‘बाळं’ म्हणतो.

आपल्याच आकाशगंगेत इतके गुच्छ असताना २७ लाख प्रकाशवर्षं लांब कशाला जायचं?

दुरून डोंगर साजरे, हे इथे अक्षरशः खरं आहे. आपण आकाशगंगेच्या चकतीच्या आत बसलोय. जिकडे गुच्छ जास्त, तिकडेच धूळही जास्त, आणि त्या धुळीपलीकडचं दृश्य प्रकाशात जवळपास दिसत नाही. शिवाय प्रत्येक गुच्छाचं अंतर वेगळं. अंतर चुकलं की तेज चुकतं, तेज चुकलं की वस्तुमान चुकतं. गणित तिथून पुढे बिघडतच जातं.

एम३३ मधले सगळे गुच्छ आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. लाखो प्रकाशवर्षांच्या हिशेबात दीर्घिकेची जाडी-रुंदी किरकोळ ठरते. देवयानी दीर्घिका थोडी जवळ आहे खरी, पण ती आपल्याला बरीच कडेवरून दिसते, त्यामुळे तिची धूळ आणि तिचे तारे एकमेकांवर चढलेले असतात. एम३३ बऱ्यापैकी समोरून दिसते. ती लहानही आहे, सुमारे ६०,००० प्रकाशवर्षं व्यासाची. मध्यभागी देवयानीसारखा मोठा फुगवटा नाही, आणि तारे अजून जोमाने जन्मताहेत. या कामासाठी शेजारी निवडायला सांगितलं तर मी हीच निवडेन. माझं मत थोडं पक्षपाती आहे, हे मान्य.

हे अंतर मोजलं कोणी?

एडविन हबलने १९२६ मध्ये एम३३ वर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने या दीर्घिकेतले ३५ सेफीड तारे शोधून काढले होते. सेफीड म्हणजे ठरावीक कालावधीने तेज कमी-जास्त होणारे तारे. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवलं होतं की कालावधी जितका मोठा, तितकं ताऱ्याचं खरं तेज जास्त. खरं तेज आणि दिसणारं तेज हाती आलं की अंतर निघतं.

हबलचं उत्तर साडेआठ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आलं, म्हणजे आजच्या आकड्याच्या तिसरा हिस्सा. तरी मूळ मुद्दा पक्का झाला होता: हा आपल्या अंगणातला ढग नव्हे, ही स्वतंत्र दीर्घिका आहे. सेफीड दोन जातींचे असतात, हे १९५० च्या सुमारास वॉल्टर बाडे यांच्या कामातून स्पष्ट झालं आणि सगळीच अंतरं वाढली.

जमिनीवर एवढ्या मोठमोठ्या दुर्बिणी आहेत. मग हबल दुर्बीणच का लागते?

कृत्तिका उचलून एम३३ मध्ये ठेवल्या, असं समजा. आपल्याकडून चंद्राच्या तीन-चार पट रुंद दिसणारा तो पसारा तिथे फक्त एका विकलेचा होईल, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाएवढा. सगळा गुच्छ मिळून त्याची प्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू मंद) २० च्या थोडी पुढे जाईल. जमिनीवरून पाहताना हवेच्या थरथरीमुळे चांगल्या रात्रीही ताऱ्याची प्रतिमा साधारण एका विकलेएवढी पसरते. म्हणजे अख्ख्या कृत्तिका मिळून एक ठिपका. तो तारा आहे की गुच्छ, हेसुद्धा कळणार नाही.

हबल दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.०५ विकलांचा. एम३३ च्या अंतरावर तेवढ्यात साधारण दोन-तृतीयांश प्रकाशवर्ष मावतं. गुच्छाचा गाभा पाच-दहा प्रकाशवर्षांचा असतो, म्हणून तो ठिपका न राहता वाटाण्याएवढा तरी होतो आणि त्याच्या कडेचे तारे सुटे दिसतात.

दुसरं कारण अतिनील प्रकाशाचं. तरुण, तापलेले तारे आपली बरीचशी ऊर्जा अतिनील किरणांत टाकतात. वातावरणातला ओझोन ते किरण अडवतो. आपल्या कातडीसाठी बरंच आहे ते, पण या कामाची त्याने पंचाईत होते.

२०१७-१८ मध्ये हबल दुर्बिणीने एम३३ च्या मध्यभागाची ५४ तुकड्यांत, अतिनीलपासून जवळच्या अवरक्तापर्यंत सहा फिल्टरांतून पाहणी केली. त्या जोडचित्रात ६६.५ कोटी पिक्सेल आहेत आणि त्यावरून बनवलेल्या यादीत सुमारे २.२ कोटी सुटे तारे. या पाहणीचं नाव ‘फॅटर’. देवयानीच्या आधीच्या पाहणीचं नाव ‘फॅट’ होतं, त्याचाच हा वाढवलेला विनोद. खगोलशास्त्रज्ञ पाहणीचं बारसं करताना असेच वागतात.

एवढ्या ताऱ्यांच्या गर्दीत गुच्छ सापडतो कसा? संगणक शोधतो का?

संगणकाला गर्दी कळते, पण गर्दी म्हणजे गुच्छ नव्हे. दीर्घिकेच्या मध्याकडे तारे इतके दाट आहेत की योगायोगाने एका रेषेत आलेले पाच-सहा ठळक तारेही गुच्छासारखे दिसतात. उलट, मागची कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरची एखादी लंबगोल दीर्घिका गोल, मऊ आणि अगदी नीटस गुच्छासारखी दिसते. अशी एक दीर्घिका माझ्या पहिल्या यादीत बरेच दिवस मानाने बसली होती.

म्हणून माणसांचे डोळे लागले. डिसेंबर २०१२ मध्ये देवयानीसाठी ‘अँड्रोमेडा प्रोजेक्ट’ सुरू झाला. सुमारे ३०,००० स्वयंसेवकांनी घरबसल्या प्रतिमांवर खुणा केल्या. अठरा लाखांच्या वर वेळा प्रतिमा पाहिल्या गेल्या आणि २,७५३ गुच्छांची यादी तयार झाली. त्यात शिक्षक होते, निवृत्त माणसं होती, झोप न येणारी माणसंही असणार. पुढे एम३३ साठीही तसंच केलं गेलं आणि १,२१४ गुच्छ मिळाले.

यातली मला आवडणारी युक्ती अशी: प्रतिमांत मुद्दाम संगणकाने बनवलेले खोटे गुच्छ मिसळले होते. किती वस्तुमानाचा, किती वयाचा खोटा गुच्छ लोकांना सापडतो आणि कोणता सुटतो, हे मोजलं की खऱ्यातले किती सुटले असतील याचा अंदाज येतो. वयस्कर आणि हलके गुच्छ सुटतात, तरुण आणि भारी सहसा सुटत नाहीत. हा हिशेब न ठेवता ‘एम३३ मध्ये म्हाताऱ्या गुच्छांपेक्षा तरुण जास्त’ असा निष्कर्ष काढला, तर तो आपल्या डोळ्यांबद्दलचा निष्कर्ष होईल.

गुच्छाचं वय कसं काढतात?

या प्रश्नावर माझी सगळ्यात जास्त रात्रपाळी झाली आहे, तेव्हा जरा सविस्तर.

भारी तारा उधळ्या असतो. इंधन जास्त, पण खर्च त्याहून जास्त. सूर्य साधारण हजार कोटी वर्षं टिकेल. सूर्याच्या आठपट वस्तुमानाचा तारा चारेक कोटी वर्षांत संपतो, वीसपटीचा एक कोटीच्या आत, आणि चाळीसपटीचा पन्नासेक लाख वर्षांत. आता एकाच दिवशी जन्मलेली भावंडं घ्या. जसजसा काळ जाईल, तसतशी सगळ्यात भारी भावंडं आधी निघून जातील. आज गुच्छात उरलेला सगळ्यात भारी तारा किती भारी आहे, हे कळलं की गुच्छाचं वय कळलं. कृत्तिकांमधली सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांची मंडळी सूर्याच्या सहापटीच्या आसपास आहे. त्याहून भारी जे कोणी असतील, ते गेले.

प्रत्यक्षात आम्ही आलेख काढतो: आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर तेज. जवान तारे एका तिरक्या पट्ट्यावर बसतात. वय वाढलं की पट्ट्याचं वरचं टोक झिजतं आणि तिथले तारे लाल बाजूला वळतात. ते वळण कुठे आहे, ते पाहायचं.

एम३३ मध्ये हे फक्त गुच्छाच्या कडेच्या ताऱ्यांवर जमतं. गाभ्यातले तारे हबललाही सुटे दिसत नाहीत. मग दुसरी पद्धत वापरायची: अख्ख्या गुच्छाचा प्रकाश सहा फिल्टरांत मोजायचा आणि कोणत्या वयाच्या गुच्छाचे रंग असे येतील, ते संगणकावरच्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. तरुण गुच्छ निळा, वयस्कर पिवळट-लाल. कागदावर सोपं आहे.

मग अडचण कुठे येते?

धुळीत. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे धुळीआडचा तरुण गुच्छ उघड्यावरच्या म्हाताऱ्यासारखा लाल दिसतो. मी स्वतः एका गुच्छाला तीस कोटी वर्षांचा ठरवून मोकळा झालो होतो. नंतर हायड्रोजनच्या लाल प्रकाशातली, म्हणजे ६५६ नॅनोमीटरची प्रतिमा उघडली, तर गुच्छाभोवती वायूचं लखलखीत कडं. वायू असा पेटता ठेवायला अतिशय तापलेले तारे लागतात आणि ते एक कोटी वर्षांच्या पलीकडे सहसा उरत नाहीत. म्हणजे ज्याला आजोबा म्हणत होतो, ते पाळण्यातलं बाळ निघालं. तेव्हापासून आधी ती प्रतिमा उघडायची, मग वय बोलायचं, अशी सवय लागली.

दुसरी अडचण नशिबाची. एम३३ चे बहुतेक गुच्छ छोटे, सूर्याच्या काहीशे ते काही हजार पट वस्तुमानाचे. अशा गुच्छात खरोखर भारी तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एखादा नेमका तांबडा महाराक्षसी अवस्थेत, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस फुगून लाल झालेला असेल, तर त्या एकट्याच्या प्रकाशाने अख्खा गुच्छ लाल दिसतो. त्याच वयाच्या शेजारच्या गुच्छात तसा एकही नसेल, तर तो निळाच. वय तेच, रंग दोन. लाखभर सौरवस्तुमानाच्या गुच्छात हे चढउतार एकमेकांत मिसळून जातात, छोट्यात जात नाहीत. म्हणून हल्ली वयाचा एकच आकडा न देता शक्यतांचा पट्टा देतात. कुठे बातमीत ‘हा गुच्छ बरोबर ६२ लाख वर्षांचा’ असं वाचलंत, तर आकड्यामागचा पट्टा शोधा.

गुच्छाचं वजन कसं करतात?

शितावरून भाताची परीक्षा. दिसणारा प्रकाश बहुतेक मूठभर भारी ताऱ्यांचा असतो, पण वस्तुमान बहुतेक न दिसणाऱ्या लहान ताऱ्यांत. जन्मताना किती भारी ताऱ्यांमागे किती हलके असतात, याचं प्रमाण एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये मांडलं. ते, पुढच्या सुधारणांसह, आजही वापरतात. वय काढायचं, त्या वयाला एका सौरवस्तुमानामागे किती प्रकाश पडतो ते पाहायचं आणि भागाकार करायचा. वय चुकलं तर वजनही चुकलं, हे ओघाने आलंच.

हे प्रमाण सगळीकडे सारखंच असतं का?

हे तपासायलाच तरुण गुच्छ लागतात. देवयानीतले ८५ तरुण गुच्छ घेऊन २०१५ मध्ये हे तपासलं गेलं. प्रमाण गुच्छागणिक फारसं बदलत नाही, असं दिसलं. गुच्छाचं वजन, वय, आकार बदलला तरी तेच. मात्र भारी तारे नेहमीच्या गृहीतकापेक्षा थोडे कमी निघाले. थोडे म्हणजे किरकोळ नव्हे: दूरच्या दीर्घिकांत दरवर्षी किती तारे जन्मतात, याचे हिशेब याच गृहीतकावर उभे आहेत.

एनजीसी ६०४ हा एम३३ चा सगळ्यात मोठा गुच्छ, बरोबर ना?

नाही, आणि या एका ‘नाही’वर बऱ्याच चहाच्या फेऱ्या झाल्या आहेत.

एनजीसी ६०४ हा तेजोमेघ आहे. विल्यम हर्शेलने तो १७८४ मध्ये पाहिला. पसारा तेराशे ते पंधराशे प्रकाशवर्षांचा. मृगातला तेजोमेघ त्याच्यापुढे अंगणातली पणती ठरावा. त्याच्या पोटात दोनशेहून जास्त अतिशय तापलेले, भारी तारे आहेत आणि त्यांचं वय साधारण ३५ लाख वर्षं. पण ते तारे एका घट्ट गाठीत नाहीत. मोठ्या जागेत विखुरलेले, छोट्या-छोट्या पुंजक्यांनी बसलेले आहेत. मोठ्या मेगेलन मेघातला, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतला आर१३६ पाहा: तिथे तसलेच तारे काही प्रकाशवर्षांत खचाखच भरलेत. आर१३६ गुच्छ आहे. एनजीसी ६०४ मधल्या मंडळींना मी तारकासंघ म्हणेन.

फरक ठरवायची एक कसोटी आहे. गुच्छातल्या ताऱ्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटर धरला, तर दहा लाख वर्षांत तो तीनेक प्रकाशवर्षं जातो. म्हणजे दहा प्रकाशवर्षांचा गुच्छ ओलांडायला तीसेक लाख वर्षं. गुच्छाचं वय या वेळेच्या अनेक पट असेल आणि तो अजून एकत्र असेल, तर तो खरोखर बांधलेला आहे. वय त्याहून कमी असेल, तर तारे अजून पांगले नाहीत एवढंच. अगदी तरुणांच्या बाबतीत ही कसोटी नीट लागतच नाही, कारण एकदाही आरपार जायला त्यांना वेळ मिळालेला नसतो. सगळ्यात तरुण गुच्छांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचं मोठं कारण हेच. मोजमापात चूक नसते. गुच्छ कोणाला म्हणायचं, यावरच एकमत नसतं.

आत्ता या क्षणी ते तारे तिथे आहेत का?

छान प्रश्न, आणि एनजीसी ६०४ साठी उत्तर जरा हळहळ वाटायला लावणारं. आपण त्याला २७ लाख वर्षांपूर्वीच्या रूपात पाहतो. तेव्हा तारे ३५ लाख वर्षांचे होते, म्हणजे आज ६० लाखांच्या पुढे. त्यातले सगळ्यात भारी तारे इतके टिकत नाहीत. ते बहुधा संपलेले आहेत, फक्त निरोप अजून वाटेत आहे. सूर्याएवढ्या ताऱ्यांना मात्र एवढ्या काळात ओरखडाही उमटत नाही.

ढगाच्या आत दडलेले गुच्छ दिसतात का?

दृश्य प्रकाशात नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आतल्या ताऱ्यांनी तापलेली धूळ अवरक्तात चमकते. आधी स्पिट्झर दुर्बिणीने आणि आता जेम्स वेबने ही चमक टिपली. एनजीसी ६०४ च्या वेबने काढलेल्या प्रतिमा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात वायूच्या पोकळ्या आणि त्यांच्या भिंतींवरचे धुळीचे धागे इतके स्वच्छ दिसतात की मी तो दिवस दुसरं काहीही केलं नाही.

एम३३ मधल्या ५६६ रेण्वीय ढगांची, म्हणजे ज्यांतून तारे जन्मतात त्या थंड, दाट वायूच्या ढगांची, तरुण गुच्छांशी सांगड घालून २०१७ मध्ये एक हिशेब झाला. कोणते ढग अजून रिकामे, कोणत्यांच्या पोटात गुच्छ आणि कोणत्यांतून गुच्छ बाहेर आलेला, अशी वर्गवारी केली की प्रत्येक अवस्था किती टिकते ते निघतं. लोकलच्या डब्यातल्या माणसांची वयं पाहून शाळा किती वर्षांची आणि नोकरी किती वर्षांची ते काढावं, तसं. ढगाचं आयुष्य एक कोटी चाळीस लाख वर्षांच्या आसपास आलं. म्हणजे ढग फार वर्षं नुसता पडून राहत नाही. काम करतो आणि विरतो.

सर्पिल भुजा गुच्छ घडवतात का?

भुजा म्हणजे एक घनतेची लाट आहे आणि तारे, वायू तिच्यातून जातात, ही कल्पना लिन आणि शू यांनी १९६४ मध्ये मांडली. हायवेवर खड्डा असला की तिथे गर्दी कायम दिसते, पण गाड्या बदलत असतात. तसं असेल, तर भुजेच्या एका कडेला बाळं आणि पुढे सरकत थोडे मोठे गुच्छ, असा वयाचा उतार दिसायला हवा. एनजीसी १५६६ या सर्पिल दीर्घिकेत तो दिसला. एम५१ सारख्या देखण्या, चित्रातल्या वाटाव्या अशा दीर्घिकेत तो शोधूनही मिळाला नाही. एम३३ च्या भुजा तर तुटक, पिंजलेल्या कापसासारख्या, तिथे एका लाटेची गोष्ट लागूच पडणं कठीण. भुजा वायू गोळा करतात, एवढं नक्की. पुढचं श्रेय त्यांना द्यावं का, याबद्दल मी साशंक आहे.

सगळ्या दीर्घिकांत सारखेच गुच्छ होतात का?

हलके सगळीकडे होतात. फरक भारी गुच्छांत पडतो. प्रत्येक दीर्घिकेत एका वस्तुमानाच्या वर गुच्छांची संख्या झपाट्याने गळते. एम३३ मध्ये ही मर्यादा सुमारे ४,२०० सौरवस्तुमानांची, देवयानीत ८,५०० ची, एम५१ मध्ये लाखाच्या घरातली आणि एकमेकींवर आदळणाऱ्या अँटेना दीर्घिकांमध्ये दहा लाखांची. चौरस प्रकाशवर्षामागे तारे जितक्या जोराने जन्मतात, तितकी ही मर्यादा वर. एम३३ आणि देवयानी या यादीतल्या खालच्या टोकाच्या, शांत दीर्घिका. त्या नीट मोजल्या नसत्या, तर ही चढण लक्षात आली नसती.

गुच्छांचं पुढे काय होतं?

बहुतेक मोडतात. आपल्या परिसरात ढगात जन्मलेल्या गुच्छांपैकी कृत्तिकांच्या वयापर्यंत फार तर चार ते सात टक्के पोचतात, असा हिशेब चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३ मध्ये मांडला. भारी तारे वायू उडवून लावतात, वायूबरोबर गुरुत्वाकर्षणाची पकड जाते आणि भावंडं पांगतात. उरलेल्यांना मोठे ढग धक्के देत राहतात. सूर्यही बहुधा अशाच एखाद्या मोडलेल्या घरातला.

यात आपल्याकडच्या लोकांचा काही हात आहे का?

आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर ‘यूव्हिट’ ही अतिनील दुर्बीण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने ती बनली. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अंतराळसंस्था तिच्यात सहभागी आहेत. तिची सूक्ष्मता साधारण दीड विकलेची, म्हणजे एम३३ मध्ये वीसेक प्रकाशवर्षं. हबलच्या तुलनेत हे जाडंभरडं, पण एका वेळी ती जवळजवळ पूर्ण चंद्राएवढं आकाश पाहते. हबलला त्यासाठी तुकडे जोडत बसावं लागतं. तरुण गुच्छांचे आणि संघांचे मोठे नकाशे काढायला हीच रुंदी उपयोगी पडते.

तारे व्हायच्या आधी जो हायड्रोजन वायू असतो, तो २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींत दिसतो. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी आहे, तिच्या कामांत जवळच्या दीर्घिकांमधला हा वायूही येतो. नारायणगावला मिसळ खायला थांबता, तेव्हा तुम्ही तिच्यापासून फार लांब नसता.

माझ्या दुर्बिणीतून एम३३ दिसेल का?

दिसेल, पण अंधार हवा. प्रत ५.७ वाचून फसू नका. तो प्रकाश चंद्राच्या दुप्पट लांबीच्या डागात पसरलेला आहे. मुंबई-पुण्यातून मोठ्या दुर्बिणीतही निराशा होते आणि अंधाऱ्या माळावर साध्या १०×५० द्विनेत्रीतूनही पुसट ढग दिसतो. आमच्या आधीच्या पिढीने वांगणीला आकाश पाहिलं, आता तिकडेही उजेड शिरलाय. पेंच व्याघ्र प्रकल्पातला भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, तिथे जमलं तर जरूर जा.

काळ ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर, अमावास्येच्या आसपास. आपल्याकडून एम३३ डोक्यावरून थोडी उत्तरेला जाते, म्हणजे धुरकट क्षितिजाचा त्रास नाही. देवयानीतला मिराक तारा शोधा. देवयानी दीर्घिका त्याच्या एका बाजूला जितकी लांब, साधारण तितकीच दुसऱ्या बाजूला एम३३. कमीत कमी मोठं करून दाखवणारी नेत्रिका लावा, वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि थेट न पाहता जरा कडेने पाहा. आठ इंची दुर्बीण असेल, तर ढगाच्या ईशान्य भागात एक छोटा, वेगळा, धूसर ठिपका दिसतो का बघा. तो एनजीसी ६०४.

घरी बसून या कामात भाग घेता येईल का?

हबल आणि वेबच्या प्रतिमा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात, एम३३ च्या तर झालेल्याच आहेत. गुच्छांची यादी, ताऱ्यांची यादी, सगळं फुकट उतरवून घेता येतं. पायथॉन थोडं येत असेल, तर एक गुच्छ निवडा, त्याच्या आसपासच्या ताऱ्यांचा रंग-तेज आलेख काढा आणि मग बाजूचाच, गुच्छ नसलेला तेवढाच तुकडा घेऊन त्याचाही काढा. दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्या आलेखातले किती तारे खरोखर गुच्छाचे आणि किती वाटसरू, ते तिथे दिसेल. वय काढायची घाई त्यानंतर करा, आणि हायड्रोजनची प्रतिमा उघडायला विसरू नका.